ब्रेक पॅड आणि लॉग फाइल

मंडळी, टेस्ला मॉडेल एसच्या मालकांच्या तक्रारींचा विषय निघाला की आपल्या आयटीवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "अरे, ती गाडी नाही, चाकांवरचा कॉम्प्युटर आहे. एवढं तर चालणारच!" मला या उत्तराचा मनापासून राग येतो. 'एवढं' म्हणजे नक्की केवढं, ते आज जरा सविस्तर सांगतो.

२०१५ चा ऑगस्ट महिना. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने (हे लोक जाहिराती घेत नाहीत आणि तपासायच्या गाड्या स्वतःच्या पैशाने विकत घेतात) मॉडेल एसची पी८५डी तपासली. किंमत सव्वा लाख डॉलरच्या वर. तिला गुण मिळाले शंभरपैकी १०३! बिचाऱ्यांना गुण द्यायची पद्धतच बदलावी लागली. आणि दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्याच मासिकाने या गाडीची शिफारस काढून घेतली. कारण सुमारे १४०० मालकांनी सर्व्हेत भरून दिलेली माहिती. मोटर आणि गिअरचा भाग, चार्जिंगचं सामान, मधला भलामोठा स्क्रीन, बॉडीची कुरकुर, सनरूफमधून गळणारं पाणी. पण गंमत पुढेच आहे. त्याच सर्व्हेत ९७ टक्के मालक म्हणत होते, परत गाडी घ्यायची झाली तर हीच घेऊ.

हे ९७ टक्के लोक मला समजतात. गाडी भन्नाट पळते, आवाज नाही, पेट्रोल नाही, शेजारी वळून बघतात. शिवाय वॉरंटीत होती तोवर दुरुस्तीला खिशातून काही जात नव्हतं. पण लाडकं पोर नापास झालं तर मार्कशीटवर त्याचं लाडकेपण लिहीत नाहीत ना! आपली मंडळी मात्र ९७ चा आकडा तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि त्या १४०० जणांच्या तक्रारी विसरतात.

आता त्या स्क्रीनकडे येऊ, कारण तो आपल्या धंद्याचा विषय आहे. २०१२ ते २०१८ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या मॉडेल एसमध्ये १७ इंची टचस्क्रीनच्या मागे एन्व्हिडियाच्या टेग्रा ३ प्रोसेसरचा कॉम्प्युटर होता, आणि त्याच्या बोर्डवर सोल्डर केलेली ८ जीबीची ईएमएमसी फ्लॅश चिप. (मॉडेल एक्सच्या सुरुवातीच्या गाड्यांतही हेच.) फ्लॅश मेमरी झिजते, हे आपल्याला इंजिनिअरिंगला शिकवलेलं आहे. प्रत्येक ब्लॉक ठराविक वेळाच पुसून लिहिता येतो, या चिपच्या बाबतीत साधारण ३००० वेळा. आणि गाडीतली लिनक्स सिस्टीम रोज त्यावर लॉग लिहीत बसलेली. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, हिशोब मांडला तो असा: दर ब्लॉकमागे दिवसाला सरासरी १.४ वेळा. करा भागाकार. २१४२ दिवस. सहा वर्षंसुद्धा नाहीत. मूळ वॉरंटी होती चार वर्षांची, म्हणजे चिप मरणार ती वॉरंटी संपल्यावरच. आणि अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय बारा वर्षांच्या आसपास आहे, बरं का.

चिप गेली की काय होतं? स्क्रीन काळा. रिव्हर्सचा कॅमेरा गेला. काचेवरचं धुकं घालवायची बटणं त्याच स्क्रीनवर, तीही गेली. इंडिकेटरचा टिकटिक आवाज गेला. गाडी चालते, हो. थंडीत, काच धुरकटलेली असताना, मागचं काही दिसत नसताना "पण चालते ना" म्हणणारा माणूस एक तर त्या गाडीत बसलेला नाही किंवा त्याच्याकडे शेअर्स आहेत.

स्वतंत्रपणे दुरुस्ती करणाऱ्यांनी २०१९ मध्येच हे लॉगचं दुखणं उघडपणे सांगितलं होतं. सरकारी चौकशी सुरू झाली जून २०२० मध्ये, तीही अवघ्या ११ तक्रारींवरून. नोव्हेंबरमध्ये कंपनीने या चिपपुरती वॉरंटी वाढवून आठ वर्षं किंवा एक लाख मैल केली. जानेवारी २०२१ मध्ये खात्याने सुमारे १,५८,००० गाड्या परत बोलवा असं पत्र दिलं, आणि फेब्रुवारीत कंपनीने सुमारे १,३५,००० गाड्या बोलावल्या. तेही "हा सुरक्षेचा दोष नाही, पण प्रकरण एकदाचं मिटावं म्हणून" अशा थाटात! युक्तिवाद काय, तर असा भाग गाडीच्या संपूर्ण आयुष्यभर टिकावा ही अपेक्षा निदान आर्थिकदृष्ट्या तरी व्यवहार्य नाही.

इथे माझं डोकं फिरतं. झिजतो, मान्य! ब्रेक पॅडही झिजतात. पण ब्रेक पॅड झिजणार हे गाडी घेताना माहीत असतं, सर्व्हिसिंगला मेकॅनिक ते बघतो, झिजत आले की ते करकरतात, आणि कुठल्याही गॅरेजमध्ये ते बदलून मिळतात. झिजणारा भाग म्हणायचं आणि तो बोर्डला सोल्डर करून ठेवायचा? दर पाच वर्षांनी फ्लॅश बदला, असं सर्व्हिसच्या यादीत कोणी लिहिलं होतं?

आणि खरा गुन्हेगार चिप नाहीच. 'लॉग काय, फुकट असतात' ही आपली सवय आहे. सर्व्हरवर ती खपून जाते. डिस्क गेली तर कोणीतरी रात्री उठून बदलतो, बिल क्लायंटला. गाडीत मात्र लॉगच्या प्रत्येक ओळीचे पैसे मालक भरतो, आणि ती ओळ लिहिणाऱ्याला तो कधी भेटत नाही. हिंजवडीतल्या कितीतरी टीम्स आज गाड्यांचंच सॉफ्टवेअर लिहितात, म्हणून हे अमेरिकेतलं भांडण म्हणून सोडून देता येत नाही.

"पण अपडेटने सगळं सुधारतं की!" कंपनीने अपडेटही पाठवले होते. परिणाम सौम्य करणारे. खात्याला ते पुरेसे वाटले नाहीत, आणि वाटणार तरी कसे? झिजलेल्या सिलिकॉनला अपडेट लागू होत नाही. शेवटी ६४ जीबीची नवी चिप असलेला बोर्डच बसवावा लागला.

असो. मॉडेल एस आपल्याकडे अधिकृतपणे कधी आलीच नाही. जुलै २०२५ मध्ये बीकेसीत टेस्लाचं शोरूम उघडलं ते मॉडेल वाय घेऊन. पण मोठा स्क्रीन आता बारा-पंधरा लाखांच्या देशी गाडीतही असतो. कोणत्याही शोरूममध्ये जा आणि विक्रेत्याला विचारा, "या स्क्रीनमागच्या स्टोरेजची वॉरंटी किती वर्षं? नंतर गेलं तर फक्त चिप बदलणार की अख्खा बोर्ड? खर्च किती?" तो मॅनेजरला बोलावेल. मॅनेजर सनरूफ उघडून दाखवेल :-) तुम्ही प्रश्न परत विचारा.