दुरुस्ती फक्त मुलांचीच?

कुकडी प्रकल्पाचे पाणी आले आणि जुन्नर-आंबेगावच्या पूर्व पट्ट्यात ऊस उभा राहिला; नारायणगावचा टोमॅटो दूरदूरच्या बाजारांत पोचला. घरातील बापाची सत्ता मात्र होती तेथेच राहिली. मुलगा दारूला लागतो, मुलगी अबोल होते. मग पालक त्यांना समुपदेशकापुढे उभे करून बजावतात, 'याला सरळ करा!' जणू बिघडलेला पाण्याचा पंपच दुरुस्तीस आणला आहे!

समुपदेशन तेथेच निम्मे हरते. समुपदेशकाच्या वाट्याला एखादा तास येतो. बाकीचा काळ घराचा असतो. मोठ्या प्रयासाने बोलके झालेले मूल घरी परतताच 'आमच्याविरुद्ध काय सांगितलेस?' अशी उलटतपासणी होते, आणि पुढच्या खेपेस ते मूल गप्प बसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलाचा प्रतिनिधी सामान्यतः पालकच मानला आहे. म्हणजे पालकाची मर्जी फिरली की मुलाची वाट अडते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतले, ते उगाच नव्हे.

परंतु सर्व पालकांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. पश्चिमेच्या डोंगरातून मजुरीसाठी नारायणगावला उतरणारा आदिवासी बाप समुपदेशकाकडे गेला तर त्याचा रोज बुडतो. मूल तर वर्षातील बहुतेक काळ आश्रमशाळेत. त्याची गैरहजेरी ही बेफिकिरी नव्हे, ती दारिद्र्याची सक्ती आहे. समुपदेशकाने आठवडे बाजाराच्या दिवशी त्याच्यापर्यंत जावे आणि बुडालेला रोज शासनाने भरून द्यावा, ही मागणी लावून धरली पाहिजे.

सधन बागायतदाराला मात्र ही सबब नाही. त्याच्यापाशी वेळ आहे, पैसा आहे. नाही ती स्वतः बदलण्याची तयारी. मुलीने परजातीतील जोडीदार निवडला की तिचे प्रेम त्याला आजार वाटते, आणि समुपदेशकाने घराण्याच्या अब्रूची राखण करावी अशी त्याची अपेक्षा असते!

आणि कार्यकर्त्यांचे काय? व्यासपीठावर समतेचा घोष आणि उंबरठ्याच्या आत हुकूमशाही, हा दुटप्पीपणा मुलांच्या नजरेतून सुटत नाही. मुलाचे म्हणणे अर्धा तास न रागावता ऐकणे, त्याच्यासोबत समुपदेशकासमोर बसून आपलीही चूक तपासू देणे, हेही समाजवादी कार्यच आहे. ज्या घरात मुलाला मत नाही, त्या घरातून लोकशाहीचा नागरिक कसा घडणार?