पुसलेलें कुंकू

गेल्या संक्रांतीस बोरिवलीला आमच्या काकूंच्या घरीं हळदीकुंकू होतें. बायका काळ्या साड्या नेसून आल्या होत्या, घरांत नवी आलेली नातसून हलव्याच्या पांढऱ्या दागिन्यांनीं मढली होती, आणि हा सारा थाट पाहून काकूंच्या धाकट्या नातवाला कृष्णधवल चित्रें घेण्याची हुक्की आली. तें साहजिकच होतें. त्या दिवसाइतका काळापांढरा दिवस आपल्या पंचांगांत दुसरा नाहीं. त्यानें आपला नवा डिजिटल कॅमेरा काढला, त्यांत मोनोक्रोम लावलें, मोनोक्रोमच्या पोटांत फिल्टरांची जी यादी असते तिच्यांतून तांबडा फिल्टर निवडला, आणि तासाभरांत दोनअडीचशें चित्रें घेतलीं. रात्रीं तीं टीव्हीच्या पडद्यावर सर्वांना दाखविण्यांत आलीं. चित्रें मोठीं ठसठशीत होतीं. चेहरे उजळ, साड्या काळ्याभोर, हलव्याचा कण न् कण टिपलेला. सगळीं वाखाणूं लागलीं. काकू मात्र स्वतःच्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुझे आजोबा आंत पेपर वाचीत बसलेत, आणि तूं माझं कुंकू पुसलंस कीं रे!"

हंशा पिकला. पण काकू थट्टा करीत नव्हत्या. त्यांच्या कपाळावर आठ आण्याएवढें कुंकू असतें. चित्रांत तें नव्हतें. मग आम्ही सर्वच चित्रें पुन्हां पाहिलीं. एकाहि सवाशिणीच्या कपाळावर कुंकू नव्हतें. तबकांतील दोन्ही कोयऱ्यांत एकच पिठूळ पांढरी पूड दिसत होती. तींतली हळद कोणती आणि कुंकू कोणतें हें घरच्या माणसालाहि सांगतां आलें नसतें. ज्या समारंभाचें नांवच हळदीकुंकू, त्याच्या अडीचशें चित्रांत हळद नाहीं आणि कुंकूहि नाहीं! नातू म्हणाला, "आजी, रॉ फाइल आहे माझ्याकडे. नंतर कॉम्प्युटरवर नीट करून देतो." संक्रांत गेली, रथसप्तमी गेली, होळी झाली. तें 'नंतर' अद्याप आलेलें नाहीं.

या 'नंतर'शींच माझें भांडण आहे. हौशी छायाचित्रकारांत हल्लीं असें एक मत रूढ झालें आहे कीं, कॅमेऱ्यांतील मोनोक्रोमचीं सेटिंगें म्हणजे पोरखेळ. जाणत्या माणसानें सर्व कांहीं रंगांत घ्यावें, आणि काळेंपांढरें काय करावयाचें तें सवडीनें घरीं बसून करावें. या मताच्या सावलींत दुसरी एक संवय वाढली आहे. सेटिंगाला महत्त्व नाहीं असें एकदां ठरलें म्हणजे कोणतें सेटिंग लावलें आहे याकडे पाहण्याचीहि गरज उरत नाहीं. आणि मग ज्याच्या योगें चित्र झटकन् ठसठशीत दिसतें तें, म्हणजे तांबडा फिल्टर, कायमचा लावून ठेवला जातो.

मुळांत कृष्णधवल चित्र म्हणजे रंग काढून टाकलेलें चित्र, ही व्याख्याच चुकीची आहे. रंग काढला कीं त्याच्या जागीं कांहीं तरी ठेवावें लागतें. तांबड्याच्या जागीं कोणता करडा? हिरव्याच्या जागीं कोणता? याचें उत्तर निसर्गानें दिलेलें नाहीं. तें कोणीतरी ठरवावें लागतें. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर तांबड्या, हिरव्या व निळ्या ठिपक्यांची एक जाळी असते. कोडॅक कंपनींतील ब्राइस बायर यांच्या 1976 सालच्या पेटंटापासून ती चालत आली आहे. तींत निम्मे ठिपके हिरवे, पाव तांबडे व पाव निळे. या तिन्ही रंगांच्या प्रकाशाची बेरीज कोणत्या प्रमाणांत करावयाची, यावर प्रत्येक वस्तूचा करडेपणा ठरतो. सर्वत्र प्रचलित असलेल्या एका हिशेबांत शंभरांपैकीं सुमारें 59 भाग हिरव्याचे, 30 तांबड्याचे आणि 11 निळ्याचे धरतात. तांबडा फिल्टर लावणें म्हणजे या बेरजेंत तांबड्याचें पारडें जड करणें. कुंकू तांबडा प्रकाश भरपूर परत फेंकतें, आणि आपली गव्हाळ किंवा सांवळी त्वचाहि हिरव्यानिळ्यापेक्षां तांबडा प्रकाशच अधिक फेंकते. म्हणून त्या बेरजेंत दोघींची उत्तरें जवळजवळ सारखीं येतात, आणि कुंकू कपाळांत विरघळून जातें. हिरवा फिल्टर लावा. कुंकवापाशीं हिरवा प्रकाश नाहींच, त्वचेपाशीं थोडाफार आहे. कुंकू शाईच्या ठिपक्यासारखें उठून येतें. एका कळीचा हा खेळ आहे.

काकूंच्या दिवाणखान्यांत त्यांच्या आजेसासूबाईंचें एक जुनें चित्र टांगलेलें आहे. त्यांत कुंकू काजळाहून काळें आहे. त्याचें कारण फोटोग्राफरची दृष्टि नव्हे, कांचेचें आंधळेपण. जुन्या कांचांना तांबडा रंग दिसतच नसे. 1873 सालीं बर्लिनच्या हर्मान फोगेल यांनीं रंगद्रव्यें मिसळून कांचांना पिवळ्याहिरव्याची जाण दिली, तरी तांबड्यापर्यंत सर्व रंग पाहणाऱ्या कांचा बाजारांत आल्या त्या 1906 च्या सुमारास, इंग्लंडांतील रॅटन अँड वेनराइट या पेढीच्या. आणि त्यानंतरहि कैक वर्षें तांबडें न दिसणारी फिल्मच पुष्कळ ठिकाणीं वापरली जात असे. त्या फिल्मनें आपल्या पणज्यांचीं कुंकवें राखलीं, पण त्यांचे चेहरे मात्र होते त्याहून काळवंडविले. मग स्टुडिओवाला निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून ते चेहरे उजळवीत असे. आजचा तांबडा फिल्टर हें काम पेन्सिलीवांचून करतो. चेहरा दोन छटा गोरा होतो, वांग आणि पुटकुळ्या नाहींशा होतात, आणि त्या खुशींत कुंकू गेलें हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. 'चित्र किती छान आलें!' या उद्गाराचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदां 'मी किती गोरी आलें!' एवढाच असतो. तांबड्या फिल्टरच्या लोकप्रियतेचें खरें कारण येथें आहे. आकाश काळें करण्याची गोष्ट केवळ सांगण्यापुरती.

कुंकू लावावें कीं लावूं नये, हा ज्या त्या बाईचा प्रश्न आहे, आणि त्यांत मी पडत नाहीं. किंबहुना तो तिचा प्रश्न आहे म्हणूनच तो यंत्रानें परस्पर सोडवूं नये, असें माझें म्हणणें आहे. 2022 च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामपंचायतीनें पतीच्या निधनानंतर स्त्रीचें कुंकू पुसण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला, आणि पुढें सरकारनें इतर गांवांनाहि तो कित्ता गिरविण्यास सांगितलें. एका खेड्याला जी गोष्ट ठराव करून थांबवावीशी वाटली, ती आमच्या उपनगरांतल्या दिवाणखान्यांत अडीचशें वेळां होते आणि तिला आम्ही ठसठशीतपणा म्हणतों! 1937 सालीं प्रभात कंपनीनें वि. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखालीं 'कुंकू' हा बोलपट काढला. तो सगळा काळापांढरा. प्रेक्षकाला त्यांत तांबडा रंग क्षणभरहि दिसला नाहीं. शांता आपटे यांच्या कपाळावरचा गडद ठिपकाच त्यानें कुंकू म्हणून ओळखला. तो ठिपका पांढरा पडला असता तर त्या बोलपटाला आपलें नांवसुद्धां निभावतां आलें नसतें.

आतां रॉ-वाद्यांचें म्हणणें. तें खोटें नाहीं, हें प्रथमच कबूल करतों. रॉ फाइलींत तिन्ही रंग जसेच्या तसे राहतात. मोनोक्रोम हा केवळ वर घातलेला अंगरखा, तो केव्हांहि उतरवितां येतो व दुसरा चढवितां येतो. माझें म्हणणें असें कीं, फाइलींत काय राहिलें हा प्रश्न दुय्यम आहे. घेणाऱ्याच्या डोळ्यांत त्या क्षणीं काय होतें हा मुख्य. आजच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर जें सेटिंग लावलें असेल तेंच जग दिसतें. हिरवा फिल्टर लावलेला असता तर नातवाला तासभर काळेभोर कुंकू दिसत राहिलें असतें. त्याच्या मागें तो गेला असता. एकमेकींच्या कपाळाकडे जाणारीं बोटें त्यानें टिपलीं असतीं. त्याला कुंकू दिसलें नाहीं म्हणून त्यानें दागिने टिपले. अडीचशें चित्रांत कुंकू लावतांनाचें चित्र एकच, आणि त्यांतहि बोट आड आलेलें. रॉ फाइल हरवलेला रंग परत देईल. न घेतलेलें चित्र कोठून देणार?

शिवाय या मंडळींच्या एका गोष्टीचें मला नवल वाटतें. प्रकाश कमी पडला कीं जास्त, हें ज्या आलेखावरून ते मोठ्या गांभीर्यानें पारखतात, तो हिस्टोग्राम बहुतेक कॅमेऱ्यांत रॉवरून काढलेला नसतो. तो त्या तुच्छ मानलेल्या सेटिंगांनीं बनलेल्या जेपेगवरून काढलेला असतो. कॉन्ट्रास्ट वाढवून ठेवला कीं आलेखांत उजेड कडेला जाऊन आदळतो, आणि मग रॉहि उगाच अंधारी घेतली जाते. म्हणजे ज्या सेटिंगाला आपण मानीत नाहीं तेंच आपला हात धरून चालवीत असतें. दोन्ही फाइली एकदमच जपून ठेवण्याची सोय जवळजवळ प्रत्येक चांगल्या कॅमेऱ्यांत आहे. ती वापरा, रॉ खुशाल कपाटांत ठेवा. पण घरांत फिरतें, मामीला फोनवर जातें, चौकट होऊन भिंतीवर चढतें, तें जेपेग. जर्मनीच्या लायका कंपनीनें तर 2012 सालीं रंगांची जाळीच नसलेल्या सेन्सरचा कॅमेरा काढला. त्यांत रंग मुळीं नोंदलाच जात नाहीं, म्हणून कोणता रंग कोणता करडा व्हावा याचा निकाल भिंगावर कांचेचा फिल्टर चढवून आधींच लावावा लागतो. 'नंतर'ची वाट बंद व्हावी यासाठीं लाखों रुपये मोजणारे लोक जगांत आहेत. आपल्याला तर तें कळ दाबून फुकट मिळतें.

हिंदुस्थानासारख्या रंगीत देशांत काळेंपांढरें हवेंच कशाला, असाहि एक पक्ष आहे, आणि तो दुबळा नाहीं. रघुबीर सिंह यांनीं 1998 सालच्या 'रिव्हर ऑफ कलर' या आपल्या ग्रंथांत हाच पक्ष मांडला: भारतीय दृष्टि रंगांतून पाहते, काळेंपांढरें हें पाश्चात्त्य मनाचें अपत्य. त्यांचीं चित्रें पाहतांना हें पटतेंहि. परंतु चंद्रकळा नेसून हलव्याचे दागिने घालणारी सून पाश्चात्त्य कशी? आणि अंधेरीची गिल्बर्ट टेकडी घ्या. सुमारें दोनशें फूट उंचीचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा काळ्या दगडाचा तो सुळका. त्याला रंग जवळजवळ नाहींच. त्यामुळें त्याच्यावर तांबडा लावा कीं हिरवा, फरक पडत नाहीं. तेथें कॉन्ट्रास्टचा आणि उजेडाचा विचार करावा लागतो.

माहितीपुस्तिकांत मात्र हें कोठून मिळणार! तांबड्या फिल्टरनें निळें आकाश गडद होतें आणि शरदांतलीं लालपिवळीं पानें उजळतात, असें एका पुस्तिकेंत लिहिलें आहे. शरदांत लाल होणारें रान बोरिवलीस कोणीं पाहिलें? आमच्या नॅशनल पार्कांत फेब्रुवारीच्या सुमारास निष्पर्ण काटेसावर लाल फुलते. तांबड्या फिल्टरनें तिचीं फुलें पांढरीं फटक होतात. आणि जुलैंत तर मुलुंडपासून वेसाव्यापर्यंत आकाश राखेचें. ज्यांत निळा नाहीं त्याला तांबडा फिल्टर काय काळें करणार? त्याच्या तावडींत सांपडतात त्या झोपड्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या. त्या काळ्याठिक्कर होतात, आणि दारिद्र्य होतें त्याहून भयाण दिसूं लागतें. पाहणारा उसासा टाकतो; घेणाऱ्याला बक्षीस मिळतें. अशा करुणेंत निम्मा वाटा फिल्टरचा असतो. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरचीं घरें 2017 च्या अखेरीस निळ्या, गुलाबी, पिवळ्या रंगांनीं रंगविण्यांत आलीं. मेट्रोच्या खिडकींतून ती टेकडी पाहतांना तेथें एका घरापासून दुसरें घर वेगळें होतें तें रंगानेंच. फिल्टर न लावतां तिचें चित्र घेतलें तर गुलाबी आणि निळ्या भिंतींचा करडा बहुधा एकच येतो, आणि सारी वस्ती एका लगद्यासारखी दिसते. तेथें मी स्वतः तांबडा लावीन, हें विरोधकांच्या समाधानासाठीं सांगून टाकतों. गुलाबी उजळतो, निळा उतरतो, घर घरापासून सुटें होतें. तांबड्याशीं माझें वैर नाहीं. न पाहतां लावलेल्या तांबड्याशीं आहे.

चैत्रांत काकूंकडे पुन्हां हळदीकुंकू झालें. आंब्याची डाळ व पन्हें यांची तयारी चालली असतां मीं नातवाला बाजूला घेतलें. हिरवा फिल्टर लावविला. खिडकींतून ऊन येत होतें म्हणून कॉन्ट्रास्ट एक पायरी उतरविला. पहिलें चित्र काकूंचें घेतलें, आणि लगेच त्यांच्या पुढें धरलें. कुंकू कसें ठसठशीत उमटलें होतें! मीं विजयी मुद्रेनें त्यांच्याकडे पाहिलें. काकूंनीं चष्मा लावला, चित्र जवळ घेतलें, दूर धरलें.

"कुंकू आलं," त्या म्हणाल्या. "पण काय रे, मी एवढी काळी आहे?"

माझी सारी वादकुशलता तेथें संपली. हिरव्या फिल्टरनें कुंकवाबरोबर त्वचाहि उतरविली होती, जुन्या कांचेनें आजेसासूबाईंची उतरविली होती तशीच. नातू गालांत हंसत होता. मग आम्ही दोघांनीं खिडकीशीं उभें राहून एकेक फिल्टर लावून पाहिला. तांबडा बाद झाला, नारिंगीनें कुंकू फिकट झालें, पिवळ्यानें अर्धवट राहिलें. अखेर फिल्टर काढूनच टाकला, आणि उजेडाचा आंकडा एक तृतीयांश पायरी वर नेला. कुंकू गडद करडें उमटलें, चेहरा काकूंचाच राहिला. तोंवर बायका येऊं लागल्या होत्या, आणि नातू करंड्यांत जाणाऱ्या बोटावर नजर ठेवून दारापाशीं जाऊन उभा राहिला.