नांवाचें घर

गेल्या वर्षीं आमच्या हातून एक चूक घडली. एकाच इयत्तेंत एकाच नांवाचे व एकाच आडनांवाचे दोन विद्यार्थी होते. सहामाहीचे गुण उतरून घेतांना आम्हीं वडिलांचें नांव पाहिलें नाहीं, आणि एकाच्या ओळींत दुसऱ्याचे गुण गेले. जो उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाला होता तो नापास ठरला व दोन दिवस शाळेंत आलाच नाहीं. चूक पुढें दुरुस्त झाली. परंतु त्याच्या मातोश्री शाळेंत येऊन कांहीं न बोलतां बसून राहिल्या, तें आम्ही विसरलों नाहीं.

आमच्या भिवंडींत असें घडणें नवल नव्हे. यंत्रमागांच्या मोहल्ल्यांत अन्सारी व मोमीन, आसपासच्या गांवांत पाटील व म्हात्रे; वर्गांत आडनांवानें हांक मारली तर चार डोकीं वर होतात.

आमचें मत असें कीं, सुटें नांव हें नांवच नव्हे. तें कोणत्या घरचें, हें कळल्यावांचून त्याची ओळख पटत नाहीं. आपल्या पूर्वजांस हें पुरतें ठाऊक होतें. पुण्याजवळ वडगांव बुद्रुक आहे आणि वडगांव खुर्दहि आहे; फारसी 'बुजुर्ग' म्हणजे थोरलें व 'खुर्द' म्हणजे धाकटें. टपालखात्यानें हेंच काम आंकड्यांकडून करून घेतलें. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झालेली पिन कोडाची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. (हे गृहस्थ संस्कृत कवीहि होते!) पहिला आंकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल-वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन टपालकचेरीचे. भिवंडी ४२१३०२, कल्याण ४२१३०१. एक आंकडा चुकला कीं पत्र खाडीपलीकडे गेलेंच.

संगणकावरहि हाच न्याय आहे. एकाच नांवाच्या दोन फाइली दोन फोल्डरांत सुखानें नांदतात. आज्ञा टंकून काम करावयाचें पॉवरशेल नामक साधन आहे. त्यांत एकाच नांवाच्या दोन आज्ञा दोन निरनिराळ्या मॉड्यूलांतून आल्या व आपण नुसतें नांव टंकलें, तर शेवटीं आलेली आज्ञा चालते. पहिली नष्ट झालेली नसते, झांकली गेलेली असते; तिच्या नांवाआधीं मॉड्यूलचें नांव व एक तिरपी रेघ घातली कीं ती उत्तर देते. हें प्रथम पाहिलें तेव्हां आम्हांस आमचा तो विद्यार्थी आठवला. यंत्र निदान नियमानें झांकतें; आम्हीं तर गाफीलपणें झांकलें.

कोणी म्हणतील, मग मुलास क्रमांकच द्यावा. क्रमांक उपयोगी खरा. परंतु एक आंकडा चुकला तर वर्गांत कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. वडिलांचें नांव चुकीचें वाचलें, तर मूल आपण होऊन उभें राहतें. १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नांवांत आईचेंहि नांव घालण्याचें शासनानें ठरविलें, तें आम्हांस याच कारणानें पसंत आहे. मात्र तीं मुलें आमच्या वर्गांत येण्यास पुष्कळ अवकाश आहे. तोंवर उत्तरपत्रिकेवर आद्याक्षरें खरडून मोकळे होणाऱ्यांनीं पूर्ण नांव लिहावें, आणि तपासणाऱ्यांनीं तें पूर्ण वाचावें.

यंदापासून आम्ही हजेरी पूर्ण नांवानें घेतों. पहिल्या तासाचीं पांच मिनिटें त्यांत जातात, आणि मागच्या बांकांवरून हंसूं ऐकूं येतें.