उत्तरपत्रिकेबाहेरचे पर्यावरण

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि कालांतराने पदवीच्या सर्व शाखांत हा विषय दाखल झाला. आज कला शाखेचा विद्यार्थीही जलप्रदूषणावर प्रकल्प सादर करतो आणि गुण मिळवतो. परंतु ज्या आवारात तो शिकतो, तेथील पाणी, वीज व कचरा यांच्या व्यवस्थेविषयी त्याचे मत क्वचितच विचारले जाते.

वस्तुतः ते मत मोलाचे आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे येतात. त्यामुळे जत-आटपाडी, माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातला विद्यार्थी आणि २०१९ चा महापूर पाहिलेला शिरोळचा विद्यार्थी येथे एका बाकावर बसतात. एकाने टँकरची वाट पाहिलेली असते, दुसऱ्याने बोटीची. पाण्याचे मोल त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१९६२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या ८५३ एकरांच्या आवारात आज झाडी आहे, मोर आहेत, पावसाचे पाणी साठवणारे तलाव आहेत. ही संपदा राखायची, तर तिचा रोज वापर करणाऱ्यांना निर्णयात स्थान हवे. तीन वर्षांसाठी आलेल्या मुलांना कारभारातले काय कळणार, असा आक्षेप घेतला जातो. पण वसतिगृहातला कोणता नळ गळतो आणि भोजनगृहात किती अन्न टाकले जाते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असते?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे. प्रत्येक विद्यापीठाने पाणी, वीज आणि कचरा यांचा वार्षिक हिशेब या परिषदेपुढे मांडावा आणि तिच्या सूचनांना लेखी उत्तर द्यावे. यासाठी निधी लागत नाही. ऐकण्याची तयारी लागते.

राजर्षी शाहू महाराजांनी विविध समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्यास उत्तेजन दिले, ते याच कोल्हापुरात. वसतिगृहात वाढलेल्या मुलाला ठाऊक असते की, एकाने वाया घालवलेली बादली दुसऱ्याच्या वाट्याची असते. आपल्या शाळेतून बाहेर पडणारी मुले हे भान घेऊन उच्च शिक्षणाकडे जातात. तेथे त्यांनी निःसंकोचपणे हिशेब मागावा आणि पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.