यवतमाळचे पाणी : उत्तरदायी कोण?

२०१८ चा उन्हाळा यवतमाळकर सहजासहजी विसरणार नाहीत. आदल्या वर्षीच्या अपुऱ्या पावसामुळे निळोणा आणि चापडोह ही शहराची दोन्ही धरणे तळाला गेली, नळाचे पाणी आठवड्यांच्या अंतराने येऊ लागले आणि टँकरची वाट पाहणे हाच अनेक घरांचा दिनक्रम होऊन बसला. या संकटावर बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा प्रकल्पाचे पाणी शहरात आणणे हा एकमेव शाश्वत उपाय असल्याचे सांगितले गेले. ‘अमृत’ योजनेतून त्यासाठी निधीही मिळाला. परंतु त्याच वर्षी चाचणीच्या वेळी जलवाहिनी फुटली आणि पुढे मार्च २०२३ मध्ये शहरातील रस्ता दुभंगून पाण्याचा लोंढा वर उसळल्याचे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. त्यात रस्त्याने जाणारी दुचाकीस्वार महिला जखमी झाली.

या घटनांनंतर चर्चा झाली ती मुख्यतः नळांच्या दर्जाची. ती आवश्यकच होती. तथापि धरणातले पाणी आणि घरातले पाणी यांच्यामध्ये केवळ लोखंडाचा नळ नसतो. त्यामध्ये माणसे असतात, त्यांचे निर्णय असतात आणि त्या निर्णयांची जबाबदारी घेणारा कोणीतरी असावा लागतो. यवतमाळात नेमकी हीच जागा धूसर आहे.

शहराचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. १९७६ च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ म्हणून जन्मलेल्या आणि १९९७ मध्ये हे नवे नाव धारण केलेल्या या संस्थेचे मुख्य काम योजना आखून त्या उभ्या करण्याचे. दुसरीकडे ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. परिणाम असा की, नळाला पाणी आले नाही म्हणजे नागरिक नगरसेवकाकडे जातो, नगरसेवक अभियंत्याकडे बोट दाखवितो आणि अभियंता मंजुरीसाठी मुंबईकडे पाहतो. त्यातच २०२२ नंतर राज्यातील बहुतेक नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता, म्हणजे तक्रार घेऊन जाण्यास नगरसेवकही उरला नव्हता. २०२५ च्या अखेरीस निवडणुका झाल्या. नव्या सदस्यांनी प्राधिकरणाच्या कचेरीवर घागरमोर्चा नेण्याची जुनी प्रथा पाळण्यापूर्वी तेथील प्रमुखाशी एका टेबलाभोवती बसण्याची प्रथा पाडली, तर ते अधिक उपयोगाचे होईल.

अशा प्रमुखाने आरंभ कोठून करावा? व्हॉल्व्हमनपासून. पहाटे चावी घेऊन सायकलवर फिरणारा हा कर्मचारी कोणत्या गल्लीला किती मिनिटे पाणी मिळते, कोणता व्हॉल्व्ह अर्धाच फिरतो, उंचावरच्या कोणत्या वस्तीत टाकी भरलेली असूनही धार लागत नाही, हे सारे जाणतो. जुन्या शहरांतून जमिनीखालच्या नळांचे जाळे पुष्कळदा नकाशापेक्षा अशा माणसांच्या स्मरणातच अधिक पूर्ण असते. तो निवृत्त झाला की ते ज्ञानही जाते. त्याच्या जागी कंत्राटी मनुष्य येतो. त्याला ना पगाराची शाश्वती, ना कोणी काही विचारलेले. प्रत्यक्षात संतप्त गृहिणीचे पहिले बोल त्यालाच ऐकावे लागतात. ज्या कार्यालयात आठवड्यातून एकदा अभियंता, व्हॉल्व्हमन आणि मीटर वाचणारा एकत्र बसतात, तेथे गळती कोठे आहे हे शोधण्यास सल्लागार संस्थेची फारशी गरज पडत नाही.

दुसरा प्रश्न देयकांचा. पाणी नाही म्हणून पैसे भरावयाचे नाहीत आणि पैसे नाहीत म्हणून दुरुस्ती नाही, हे दुष्टचक्र सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यातच दोन-चार दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर टुल्लू पंप बसतात, शेजारच्या घरची धार आटते आणि रिकाम्या नळात गटाराचे पाणी शोषले जाण्याचा धोका राहतो. हे चक्र कोठेतरी तुटले आहे काय? कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथे तुटले. १९९३ मध्ये एक सोन चान यांनी तेथील पाणीसंस्था हाती घेतली, तेव्हा सुमारे ७२ टक्के पाण्याचा पैसा मिळत नव्हता. पुढे हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आले. त्यांनी ग्राहकांची घरोघर नोंद केली, मीटर बसविले, काम करणाऱ्यांचे वेतन वाढविले आणि थकबाकीदार बडे असले तरी त्यांचा नळ तोडला. २००६ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांना जवळपास दोन दशके त्या पदावर राहता आले, हेही लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे २००५ च्या कायद्याने शासकीय अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा ठरविला, आणि तोही पुरा होईल याची खात्री तो अधिकारीसुद्धा देत नाही.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. कराडलगतच्या मलकापुरात याच जीवन प्राधिकरणाने स्थानिक संस्थेच्या सहकार्याने चोवीस तास पाण्याची योजना राबविली. प्रत्येक नळास मीटर, अधिक वापरास चढा दर आणि त्यापूर्वी लोकांची समजूत घालण्याचे चिकाटीचे काम, हे तिचे मर्म होते. तीच संस्था, तेच नियम. मग यवतमाळास ते का जमू नये? नागपूरने २०१२ पासून खासगी कंपनीचा मार्ग धरला, परंतु तेथेही दर आणि तक्रारी यांचे उत्तर शेवटी महापालिकेलाच द्यावे लागते.

बेंबळाच्या पाण्यावर शहराइतकाच बाभूळगाव, कळंब, राळेगावच्या शेतकऱ्याचाही डोळा आहे. पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम असल्याने कागदोपत्री वाद मिटतो. शेताच्या बांधावर तो मिटत नाही. शहराच्या रस्त्यांवर पाणी वाहून जात असल्याचे पाहणाऱ्या कपाशीवाल्यास आपला कालवा कोरडा का, हे कोण समजावून सांगणार? ज्या जिल्ह्याच्या सुधाकरराव नाईकांनी मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचे स्वतंत्र खाते उभारले, त्या जिल्ह्यात तरी हा प्रश्न दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस उघडपणे मांडला जावा. धरणांत साठा किती, शहरास किती, शेतीस किती, गळतीत किती गेले आणि कोणत्या प्रभागास कोणत्या वारी पाणी मिळणार, एवढ्या पाच गोष्टींचे पत्रक प्राधिकरणाचा प्रमुख आणि नगराध्यक्ष यांनी दोघांच्या सहीने प्रत्येक ऑक्टोबरात प्रसिद्ध करावे. या कामासाठी नव्या कायद्याची वा निधीची आवश्यकता नाही.