मुदत एकट्या शेतकऱ्यालाच का?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण धरणात, कालव्यात जमीन गेलेला माणूस हौसेने पायरी चढत नाही. जमीन सरकार घेते, भाव सरकारच ठरवते आणि तो पटला नाही तर कोर्टाशिवाय दुसरी जागा नाही. विष्णुपुरीपासून मुखेडच्या लेंडीपर्यंत आणि तिकडे लातुरात मांजरेच्या काठाने 'वाढीव मावेजा' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

1894 च्या कायद्याखाली ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी आठवावे. निवाड्याच्या वेळी जो हजर होता त्याने कलम 18 चा अर्ज सहा आठवड्यांत द्यायचा. सातव्या आठवड्यात गेला की हक्क बुडाला. पेरणी होती, बाप अंथरुणाला होता, हे कोणी ऐकून घेत नसे. पुढे हायकोर्टात अपील करणारा वारला तर वारसांनी 90 दिवसांत नावे लावायची. आणि कोर्टाने निकाल किती दिवसांत द्यायचा? त्याला त्या कायद्यात मुदतच नव्हती! 2013 च्या नव्या कायद्यात ती आली: प्राधिकरणाने सहा महिन्यांत निकाल द्यावा, हायकोर्टाने अपील शक्यतो सहा महिन्यांत संपवावे. पण मुदत टळली तर जाब कोणाला विचारायचा, ते लिहिलेले नाही.

साहेब लोक म्हणतात, उशीर झाला तरी व्याज मिळते. मिळते. जुन्या कायद्यात वाढीव रकमेवर पहिल्या वर्षाला 9 टक्के, पुढे 15. पण ते हातात पडते निकालानंतर. तोवर पोरीचे लग्न, दवाखाना, बी-बियाणे सावकाराकडून. शेकडा तीन रुपये महिना धरला तरी वर्षाला 36 टक्के झाले. शिवाय ते 15 टक्के भरते सरकारी तिजोरी. ज्या साहेबाने अपिलाची शिफारस केली त्याच्या पगारातून छदाम जात नाही. निकाल लागूनही पैसे न दिल्यामुळे मराठवाड्यात कलेक्टर कचेरीच्या खुर्च्या नि गाड्या जप्त करण्याची पाळी आली, ती उगाच नाही.

बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात 1979 साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की, खटला लवकर चालणे हा घटनेच्या कलम 21 मधला हक्क आहे. आपले माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रकरणात डिसेंबर 1991 मध्ये पाच न्यायाधीशांनी हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत लागू केला, मात्र ठरावीक मुदत घालून द्यायला नकार दिला. ठीक आहे. पण हे सारे आरोपीसाठी झाले. ज्याने गुन्हा केला नाही, फक्त जमीन दिली, त्याने कोणत्या हक्काने तारीख मागावी?

आपलेही चुकते, ते लपवू नये. शेजारच्या जमिनीचे खरेदीखत वेळेवर आणत नाही, वकील पुढची तारीख मागतो तेव्हा आपण मान हलवतो. आता दाव्याचा नंबर टाकला की मोबाइलवर तारीख दिसते. ती घरातल्या शाळकरी पोरालाही बघता येईल.

जिल्हा बैठकीला येताना दाव्याचा नंबर, तो दाखल झाल्याचे साल आणि तो कोठे अडला आहे एवढे चिठ्ठीवर लिहून आणा. अर्जदार वारला असेल तर तेही लिहा. तालुकावार यादी करून दोन्ही जिल्हा न्यायाधीशांना आणि खंडपीठाला द्यायची आहे. सर्वांत जुना दावा यादीत पहिला राहील.