होयचे बहुमत, पण कुणाकुणाचे होय?

गुरुवारी, १० जुलै २०२५ ला, महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाले. वर्षभर गाजलेले विधेयक. दोन्ही सभागृहांच्या २५ सदस्यांची समिती त्यावर बसली, लोकांकडून १२ हजारांवर सूचना आल्या, आणि शेवट मात्र नेहमीचाच: अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत. विरोधक म्हणून एकच नाव लोकांपर्यंत पोचले, डहाणूचे विनोद निकोले. तेही त्यांनी उभे राहून विरोध केला म्हणून. बाकी सगळ्यांची मते एका आवाजात मिसळून गेली. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या या विधेयकाचा विषय परभणीला परका नाही. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, बंद, जाळपोळ, धरपकड आणि न्यायालयीन कोठडीतल्या एका तरुणाचा मृत्यू हे सारे या शहराने डिसेंबर २०२४ मध्ये पाहिले आहे. आंदोलन कुठवर आणि गुन्हा कुठून, हा प्रश्न इथे घरोघरी बोलला जातो. त्यावर जिल्ह्यातल्या आपल्या चार आमदारांनी काय मत दिले, हे मतदाराला कळायला हवे की नको? मेघना बोर्डीकर राज्यमंत्री आहेत, जिल्ह्याच्या पालकमंत्री आहेत. सामूहिक जबाबदारीमुळे त्यांचे होय गृहीत धरता येते. रत्नाकर गुट्टे आणि राजेश विटेकर सत्तापक्षाच्या बाजूचे. राहिले विरोधी बाकांवरचे डॉ. राहुल पाटील. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, पण पाटील आहेत विधानसभेत. हा त्यांच्यावरचा आरोप नव्हे. त्यांनी ठणकावून ‘नाही’ म्हटले असेल, तरी ते मतदाराला दाखवायला त्यांच्या हाती कागद नाही. आवाजी मतदानात गप्प बसणारा झाकला जातो, तसा विरोध करणाराही पुसला जातो.

याच्या शेजारी जुलै २०२२ चे दोन दिवस ठेवून पाहावेत. ३ जुलैला विधानसभा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत राहुल नार्वेकरांना १६४ आणि विरोधात १०७ मते पडली. दुसऱ्या दिवशी शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९. दोन्ही वेळा शिरगणती झाली. एकेक सदस्य उभा राहिला आणि मोजला गेला. म्हणूनच कळमनुरीचे संतोष बांगर पहिल्या दिवशी ठाकरे यांच्या बाजूला आणि दुसऱ्या दिवशी शिंदे यांच्या बाजूला होते, हे आज निर्विवाद सांगता येते. १ मे १९९९ पर्यंत कळमनुरी परभणी जिल्ह्यातच होती. बांगर यांचा निर्णय कुणाला पटला, कुणाला नाही. पण २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्या मतदारांसमोर तो उघडा होता आणि त्यांनी तो जमेस धरून कौल दिला. म्हणजे खुर्चीचा प्रश्न आला की सभागृहाला डोकी मोजता येतात. नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आला की कान पुरेसे ठरतात. आणि खुर्चीच्या बाबतीतही हे नेहमी पाळले गेले असे नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला अल्पमतातल्या फडणवीस सरकारने विश्वासदर्शक ठरावही आवाजी मतदानानेच जिंकला. शिवसेना आणि काँग्रेसने मागितलेली मतविभागणी झाली नाही.

पक्षादेश असतोच, मग नोंदीचा उपयोग काय, असे विचारले जाते. आक्षेप वजनदार आहे. १९८५ पासून दहाव्या परिशिष्टाने आमदाराचे मत पक्षाकडे गहाण पडले आहे. पण पक्षादेश मोडला की आमदारकी जाऊ शकते, तर तो पाळला की मोडला याचा पुरावा तरी हवा. शिवाय मतदानाच्या वेळी कोण हजर होता आणि कोण तटस्थ राहिला, हे नोंदीखेरीज कळत नाही. वेळ जातो, ही दुसरी सबब. लोकसभेत एप्रिल २०२५ मध्ये वक्फ विधेयकावर २८८ विरुद्ध २३२ अशी मतविभागणी झाली. तिथे सदस्य ५४३, इथे २८८. प्रत्येक किरकोळ दुरुस्तीवर मोजणी करा, असे कुणीच म्हणत नाही. पण मूलभूत हक्कांना हात घालणारे विधेयक आणि अर्थसंकल्प, एवढ्यावर तरी व्हावी.

अर्थसंकल्पाचे नाव मुद्दाम घेतले. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्यानंतरच्या प्रत्येक अर्थसंकल्पाला या विभागातल्या कुठल्या आमदाराने अनुशेषाचे कारण देऊन नाही म्हटले? आमदारांच्या कार्यअहवालांच्या गुळगुळीत पुस्तिकांविषयी या स्तंभात अनेकदा लिहिले आहे. त्यांत भूमिपूजने असतात, आमदार निधीचे आकडे असतात. मतदानाचे पान नसते. मतांची नोंद होत असती तर मंडळ इतकी वर्षे लोंबकळले नसते, असे माझे ठाम मत आहे. सिद्ध करता येणार नाही, कारण त्यासाठीही नोंदच लागेल.

मतविभागणी मागायला सरकारची परवानगी लागत नाही. सदस्याने वेळेवर उठून ती मागावी लागते.  परभणीच्या चौघांपैकी तिघे सत्तेच्या बाकांवर आहेत, त्यामुळे ही मागणी आधी डॉ. पाटील यांनी करावी. केली, तर पुढे इथे चौघांचीही मते नावानिशी छापता येतील.